व्हीजी-३० डांबर : सहाशे मीटर रस्ता आणि दोन पावसाळ्यांनंतरचा अभिप्राय

साताऱ्याजवळच्या आमच्या प्लॉटधारकांच्या सोसायटीने अंतर्गत रस्त्याचे डांबरीकरण करायचे ठरवले, तेव्हा मी स्थापत्य अभियंता आहे म्हणून साहित्याची खरेदी आणि कामावरची देखरेख माझ्याकडे सोपवण्यात आली. रस्ता ६०० मीटर लांब आणि ३.७५ मीटर रुंद असून वरचा थर ३० मिलिमीटर जाडीच्या बिट्युमिनस काँक्रीटचा, म्हणजे डांबर आणि खडीच्या गरम मिश्रणाचा होता. त्यासाठी सुमारे साडेआठ टन डांबर, म्हणजे दीडशे किलोंहून थोड्या अधिक वजनाची ५५ पिंपे लागली. त्या रस्त्याने आता दोन पावसाळे पाहिले आहेत. माझे मत सुरुवातीलाच नोंदवतो. पश्चिम महाराष्ट्राच्या हवामानात गावातील, सोसायटीतील किंवा शेतवस्तीकडे जाणाऱ्या रस्त्यासाठी व्हीजी-३० (श्यानतेवरून, म्हणजे दाटपणावरून, ठरणारी डांबराची एक प्रत) हे योग्य आणि भरवशाचे डांबर आहे. परंतु ते पिंपावरची अक्षरे वाचून विकत घेऊ नये, चाचणी अहवालातील ६० अंश सेल्सिअसची श्यानता वाचून घ्यावे, आणि बॉयलरला चालू स्थितीतला तापमापक नसेल तर काम सुरू करू नये.

आपण ‘डांबर’ हा एकच शब्द दोन वेगळ्या पदार्थांसाठी वापरतो, आणि त्यातून खरेदीतही गोंधळ होतो. दगडी कोळसा हवेशिवाय तापवल्यावर निघणारे कोलटार हा एक पदार्थ आणि खनिज तेलाच्या शुद्धीकरणात तळाशी उरणारे बिट्युमेन हा दुसरा. दोन्ही काळे, दोन्ही चिकट, दोन्ही तापवल्यावर पातळ होणारे. पण रासायनिक घडण निराळी आहे आणि आरोग्याला असलेला धोकाही सारखा नाही. कोलटारमध्ये अनेक वलये जोडलेली सुगंधी (ॲरोमॅटिक) हायड्रोकार्बने मोठ्या प्रमाणात असतात आणि ते मानवाला कर्करोगकारक असल्याचे सिद्ध झालेले आहे. आज रस्त्यावर पडणारे डांबर म्हणजे बिट्युमेन, आणि या लेखात डांबर म्हणजे तेच समजावे.

शुद्धीकरण कारखान्यात कच्चे तेल साधारण ३५० अंशांपर्यंत तापवून पेट्रोल, रॉकेल, डिझेल असे हलके भाग वेगळे काढले जातात. उरलेला गाळ याहून फार तापवला तर त्याचे मोठे रेणू तुटू लागतात, म्हणून पुढचे ऊर्ध्वपातन निर्वातात करतात, जेणेकरून कमी तापमानातच आणखी तेल निघून यावे. त्यानंतर तळाशी जे राहते ते डांबर. प्रत्येक कच्चे तेल यासाठी सारखे उपयोगी नसते. तेलाची घनता एपीआय अंशांत मोजतात, आणि हे माप उलटे चालते: पाणी १० अंशांवर असते आणि अंश जितके कमी तितके तेल जड. साधारण २२ अंशांखालच्या तेलाला जड तेल म्हणतात आणि १० अंशांखालचे तेल पाण्यात बुडते. आपल्या मुंबई हायचे तेल ३५ अंशांहून अधिक, म्हणजे हलके, कमी गंधकाचे आणि मेणयुक्त आहे. इंधनासाठी ते उत्तम, मात्र त्याच्या गाळापासून चांगले डांबर मिळत नाही, कारण मेणामुळे डांबराची चिकटण्याची आणि ताणली जाण्याची क्षमता घटते. म्हणून मुंबईतील माहुलच्या तेलशुद्धीकरण कारखान्यांत डांबरासाठी आखाती देशांतील जड, गंधकयुक्त तेल वापरावे लागते, आणि देशाच्या गरजेचा मोठा वाटा तर तयार डांबराच्या आयातीतूनच भागतो.

कॅनडातील अल्बर्टा प्रांतात अथाबास्का नदीच्या परिसरात हाच पदार्थ वाळूत मिसळलेला आहे. तेथील बिट्युमेन सुमारे ८ एपीआय अंशांचे असते आणि जमिनीतल्या थंड तापमानात ते जागचे हलत नाही. खोलवरच्या थरांत वाफ सोडून ते तापवतात, ते पातळ होऊन खालच्या नळीत उतरते, आणि वर आल्यावर त्यात हलके तेल मिसळल्याखेरीज ते नळवाहिनीतून पुढे जात नाही. आमच्या बॉयलरमध्ये लाकडाच्या जाळावर जे घडत होते ते तत्त्वतः याहून वेगळे नव्हते. तापमान वाढवावे म्हणजे दाट पदार्थ वाहू लागतो, निववावा म्हणजे तो पुन्हा जागच्या जागी थबकतो. डांबराची सगळी उपयुक्तता या गुणात आहे, आणि त्याच्या हाताळणीतल्या सगळ्या चुकाही याच ठिकाणी होतात.

रासायनिक दृष्ट्या डांबर म्हणजे एकच रेणू नव्हे. वजनाने ८० ते ८८ टक्के कार्बन, ८ ते १२ टक्के हायड्रोजन, काही टक्के गंधक, थोडा ऑक्सिजन व नायट्रोजन, आणि व्हॅनेडियम, निकेल यांसारख्या धातूंचे अंश असे त्याचे मूलद्रव्यांचे गणित असते. पण त्यावरून त्याची वागणूक कळत नाही. ती कळण्यासाठी त्याचे चार गट पाडतात: संपृक्त हायड्रोकार्बने, सुगंधी हायड्रोकार्बने, रेझिने आणि अस्फाल्टीने. अस्फाल्टीने म्हणजे हेप्टेन या द्रावकात न विरघळणारे पण टोल्युइन या द्रावकात विरघळणारे मोठे, ध्रुवीय रेणू. त्यांच्यामुळे डांबराला कडकपणा आणि काळा रंग येतो. सुगंधी तेले त्यांना वाहते माध्यम पुरवतात, आणि रेझिने दोघांमध्ये राहून अस्फाल्टीनांना गुठळ्या होण्यापासून रोखतात. तेलाचा वाटा घटला आणि अस्फाल्टीनांचा वाढला की डांबर कडक व ठिसूळ होते. उलट झाले की ते उन्हात पाझरू लागते. हे संतुलन पिंपात असते तसे रस्त्यावर टिकवणे हे कंत्राटदाराचे काम आहे, आणि त्यात तो किती सहज चुकू शकतो हे मी स्वतः पाहिले.

आता भौतिक गुणांकडे येतो. व्हीजी म्हणजे व्हिस्कॉसिटी ग्रेड, आणि ३० हा आकडा ६० अंशांवरच्या सुमारे ३,००० पॉइज श्यानतेवरून आला आहे. रस्त्याच्या डांबरासाठीच्या भारतीय मानक ७३ नुसार व्हीजी-३० ची श्यानता ६० अंशांवर २,४०० ते ३,६०० पॉइज असावी लागते. पाण्याची श्यानता ०.०१ पॉइज असते, हे लक्षात घेतले म्हणजे भर उन्हात तापलेल्या रस्त्यावरचे डांबरसुद्धा पाण्याहून काही लाख पट दाट असते. तेच डांबर १३५ अंशांना नेले की त्याची श्यानता शेकडो पटींनी उतरते. मानक तेथे किमान ३५० सेंटिस्टोक मागते. याचा अर्थ, पाण्याच्या सुमारे साडेतीनशे पट दाट, पण खडीच्या प्रत्येक दाण्याभोवती पसरण्याइतके वाहते. कऱ्हाड-कोल्हापूरकडच्या गुऱ्हाळात काहिलीतली गरम काकवी आणि डब्यात निवलेली काकवी ज्याने पाहिली आहे, त्याला हा फरक समजावून सांगावा लागत नाही. ६० आणि १३५ हे आकडे असेच निवडलेले नाहीत. उन्हाळ्यात रस्त्याचा पृष्ठभाग ६० अंशांच्या आसपास जातो, आणि मिश्रण व अंथरणी यांच्या वेळच्या वागणुकीचा अंदाज १३५ अंशांवरून येतो.

थंड डांबर घन दिसते, म्हणून ते घनच आहे असे समजू नये. ऑस्ट्रेलियातील ब्रिस्बेन येथे थॉमस पार्नेल या प्राध्यापकांनी १९२७ साली डांबराच्याच जातीचे पिच नरसाळ्यात भरले आणि १९३० साली नरसाळ्याचे तोंड कापून मोकळे केले. तेव्हापासून २०१४ पर्यंत त्यातून केवळ नऊ थेंब पडले. हातोडीच्या घावाने काचेसारखा फुटणारा पदार्थ वर्षानुवर्षांच्या भाराखाली वाहतो. म्हणूनच भरधाव गेलेली दुचाकी रस्त्यावर खूण ठेवत नाही आणि एकाच जागी दिवसभर उभी राहिलेली भरलेली ट्रॉली उन्हाळ्यात चाकांचे खळगे करते. आमच्या सोसायटीत विटांच्या ट्रॉल्या उभ्या करण्यासाठी मी रस्त्याबाहेर जागा आखून घेतली, ती याच कारणासाठी.

पूर्वी डांबराची प्रत पेनिट्रेशनवरून ठरत असे, आणि साइटवरचे जुने लोक आजही ‘साठ-सत्तर’ किंवा ‘ऐंशी-शंभर’ असेच मागतात. २५ अंशांच्या डांबरात १०० ग्रॅम भाराची सुई ५ सेकंदांत किती दशांश मिलिमीटर रुतते, ते हे माप. चाचणी सोपी आणि स्वस्त आहे, पण तिच्यात मोठी उणीव आहे: २५ अंशांवर सारखी वाटणारी दोन डांबरे ६० अंशांवर फार वेगळी वागू शकतात. २००६ सालच्या सुधारणेत आपल्या मानकाने श्यानतेची प्रतवारी स्वीकारली, आणि २०१३ च्या आवृत्तीतही ती कायम राहिली. हा बदल किती योग्य होता, याचा अनुभव मला माझ्याच खरेदीत आला.

पहिली ४० पिंपे एका विक्रेत्याकडून घेतली. त्यांच्यासोबत बॅच क्रमांकासह कारखान्याचा चाचणी अहवाल होता. उरलेली १५ पिंपे सोसायटीच्या आग्रहाखातर दुसऱ्या, स्वस्त दर देणाऱ्या विक्रेत्याकडून मागवली. त्यांच्यावर व्हीजी-३० असे छापलेले होते, पण अहवाल एका निराळ्याच बॅचचा होता. दोन्ही मालांचे नमुने मी अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत दिले. पहिल्या मालाचे पेनिट्रेशन ५२, मृदुबिंदू (डांबर मऊ पडते ते तापमान) ४९ अंश आणि श्यानता २,७८० पॉइज आली. दुसऱ्याचे पेनिट्रेशन ७४, मृदुबिंदू ४४ अंश आणि श्यानता १,५०० पॉइजच्या जवळ होती. येथे वाचकांनी एक बारकावा लक्षात घ्यावा. मानकात व्हीजी-३० साठी पेनिट्रेशन किमान ४५ असावे एवढेच म्हटले आहे. कमाल मर्यादा नाही. त्यामुळे केवळ पेनिट्रेशन पाहणाऱ्याच्या नजरेत दुसरा मालही उत्तीर्ण ठरला असता. तो नापास झाला तो मृदुबिंदूच्या किमान ४७ अंशांच्या अटीवर आणि श्यानतेवर. मे महिन्यात त्या रस्त्यावरून चपला घालून चालणेही कठीण झाले असते.

त्या मालाचे दुसरे लक्षण बॉयलरमध्ये दिसले. अहवाल येण्याआधी ठेकेदाराने त्यातील एक पिंप तापवायला घेतले होते आणि तापमान शंभरीच्या पुढे जाताच त्याला फेस येऊन डांबर काठावर चढले. मानकाची अट अशी आहे की डांबर एकजीव असावे आणि १७५ अंशांपर्यंत तापवले तरी त्याला फेस येऊ नये. फेस आला तर त्यात पाणी आहे, मग ते साठवणुकीत शिरले असो की अन्य मार्गाने. पाण्याची वाफ होताना तिचे आकारमान शेकडो पटींनी वाढते आणि जाळावरचे डांबर बाहेर उसळते. त्या दिवशी कोणाला इजा झाली नाही, तरी भट्टीपाशी उभ्या असलेल्या माणसांचे चेहरे मी विसरलेलो नाही. विक्रेत्याने थोड्या वादानंतर माल परत घेतला, आणि उरलेली पिंपे आम्ही पहिल्याच विक्रेत्याकडून आणली.

चांगला माल आणल्यावर तो बिघडवण्याची खरी जागा म्हणजे बॉयलर. व्हीजी-३० साठी डांबराचे तापमान १५० ते १६५ अंश, खडीचे १५० ते १७० अंश, अंथरताना मिश्रण किमान १४० अंश आणि रोलरची दाबणी ९० अंशांच्या आत उतरण्यापूर्वी पूर्ण, असे रस्ते मंत्रालयाच्या तपशिलात दिलेले आहे. पहिल्याच दिवशी माझ्या तापमापकाने १९० अंश दाखवले. बॉयलरवर तीस वर्षे काम केलेल्या गृहस्थांना मी म्हणालो, “मामा, जाळ कमी करा, डांबर जळतंय.” ते शांतपणे म्हणाले, “साहेब, जेवढं तापेल तेवढं पातळ होतं, आणि पातळ झालं की खडीला नीट बसतं.” त्यांचे अर्धे म्हणणे खरे होते. डांबर पातळ होते हे निश्चित. पण त्या तापमानात त्यातील हलकी तेले उडून जातात, हवेतील ऑक्सिजन रेणूंना जोडला जातो, सुगंधी गटाचे काही रेणू रेझिनांत आणि रेझिने अस्फाल्टीनांत रूपांतरित होतात. वर सांगितलेले संतुलन रस्त्यावर पोहोचण्यापूर्वीच ढळते. हे तपासण्यासाठी प्रयोगशाळेत डांबराचा पातळ थर फिरत्या बाटल्यांत १६३ अंशांवर ८५ मिनिटे तापवतात, आणि त्यानंतर श्यानता मूळच्या चौपटीहून अधिक वाढू नये अशी अट आहे. आमच्या बॉयलरमधले डांबर मात्र रात्रभर मंद जाळावर राहिले होते. सकाळी घेतलेल्या नमुन्याचे पेनिट्रेशन ५२ वरून ३१ वर आले होते. अहवाल हाती येईपर्यंत त्या डांबराचे मिश्रण सुमारे ४० मीटर लांबीवर अंथरून झाले होते, ही माझ्या देखरेखीतील उणीव मी सोसायटीच्या सभेत मांडली आहे. त्यानंतर मामांनीच रोज तापमापक हातात घेऊन दर अर्ध्या तासाने आकडा वहीत लिहिला, आणि पुढची एकही खेप १६५ च्या वर गेली नाही.

खडीला चिकटण्याच्या बाबतीत आपल्याकडच्या लोकांना निसर्गाची साथ आहे. दख्खनचा काळा पाषाण, म्हणजे बेसाल्ट, रासायनिक दृष्ट्या आम्लारिधर्माकडे झुकणारा आहे आणि डांबराशी त्याची पकड ग्रॅनाइटसारख्या सिलिकायुक्त दगडापेक्षा सहसा चांगली असते. तरीही खडी ओली किंवा धुळीने माखलेली असेल तर हा लाभ मिळत नाही, कारण दगडाला डांबरापेक्षा पाणी अधिक जवळचे असते आणि संधी मिळताच ते डांबराला बाजूला सारते. डांबर लावलेली खडी ४० अंशांच्या पाण्यात २४ तास ठेवून तिच्यावरचा ९५ टक्के थर टिकतो का, ही चाचणी आम्ही दोनदा केली. पहिल्या वेळी धूळ असलेली खडी नापास झाली. धुऊन वाळवलेली दुसऱ्या वेळी उत्तीर्ण झाली. डांबर तेच होते. पावसाळ्यात रस्ता उखडला की आपण सरसकट डांबराला दोष देतो, त्यातले किती खड्डे खरे तर खडीवरच्या धुळीचे असतात याचा विचार व्हायला हवा.

उत्पादनाच्या मर्यादाही सांगायला हव्यात. सात दिवसांचे सरासरी कमाल तापमान ३८ ते ४५ अंश असणाऱ्या प्रदेशासाठी मानक व्हीजी-३० सुचवते. चंद्रपूरसारख्या ४५ च्या पुढे जाणाऱ्या जिल्ह्यात किंवा अवजड वाहतुकीच्या मार्गावर व्हीजी-४० घ्यावे. सोसायटीतील एका सदस्याने उरलेले अर्धे पिंप गच्चीच्या गळतीसाठी मागितले. मी नकार दिला. पन्नाशीच्या आत मऊ होणारे डांबर तापलेल्या स्लॅबवर उतरणीकडे वाहू लागते. गच्चीसाठी हवा फुंकून तयार केलेले, ८५ अंशांच्या आसपास मृदुबिंदू असलेले औद्योगिक डांबर वेगळे मिळते, आणि तेच घ्यावे. पिंपांबद्दल माझी तक्रार आहे: प्रत्येक पिंपाच्या आतल्या बाजूस काही किलो डांबर चिकटून राहते आणि ते काढण्यासाठी पिंप थेट जाळावर धरतात. पत्र्यालगतचे डांबर तेथे नक्कीच जळते. काम मोठे असेल तर टँकरने माल घेणे दोन्ही दृष्टींनी चांगले.

भट्टीवर काम करणाऱ्यांविषयी थोडे. रस्त्याच्या कामातील बिट्युमेनचा धूर कदाचित कर्करोगकारक असू शकतो, असे आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेचे वर्गीकरण आहे, आणि तापमान वाढते तसा धूर वाढतो. १६५ अंशांची मर्यादा म्हणूनच केवळ रस्त्याच्या आयुष्याची नाही. लांब बाह्यांचे जाड कपडे, हातमोजे आणि बूट यांचा खर्च साडेआठ टन डांबराच्या किमतीत नगण्य आहे. गरम डांबर अंगावर पडल्यास ते ओढून काढू नये. भरपूर थंड पाण्याने तो भाग निववावा आणि डांबर तसेच ठेवून रुग्णाला दवाखान्यात न्यावे.

परवा, दुसरा पावसाळा ओसरल्यावर, मी रस्ता पुन्हा पायी पाहिला. ५६० मीटर रस्ता अजून काळा आणि एकसंध आहे. कडेला पाणी साठते त्या वळणावरही खडी सुटलेली नाही. जळालेल्या डांबराचे ४० मीटर मात्र दुरूनच ओळखू येतात. तेथला पृष्ठभाग करडा पडला आहे, आणि त्यावर केसासारख्या आडव्या भेगा दिसू लागल्या आहेत. खडी तीच, रोलर तोच, पिंपेही त्याच बॅचची होती. येत्या जानेवारीत त्या भागावर इमल्शनचा (पाण्यात बारीक मिसळलेल्या डांबराचा) सील कोट, म्हणजे भेगा बुजवणारा पातळ थर, देण्याचा ठराव सोसायटीने केला आहे, आणि बॉयलरसाठी मामांना बोलवावे असे मी त्यात लिहून घेतले आहे.